विमानं डोक्यावरून, घर विमानतळावर

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

घाटकोपर पश्चिमेच्या एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. लग्न होऊन त्या या घरात आल्या त्याला एकोणीस वर्षं झाली. मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालीच हे घर येतं. त्या लिहितात, ‘कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. आईशी फोनवर बोलताना सारखं थांब गं, थांब गं करावं लागतं.’ सासूबाईंचा रक्तदाब वाढला आहे. मुलगा दहावीला आहे आणि रात्री अडीचला दचकून उठतो. काही दिवशी रॉकेलसारखा वास येतो, खिडकीच्या कट्ट्यावर काळा थर बसतो. ताईंनी आसपासच्या पाच सोसायट्यांतल्या बायकांना जमवून सह्यांची मोहीम सुरू केली. मागणी एकच : रात्रीची सगळी विमानं बंद करा आणि नवी मुंबईला हलवा. दोनशे सह्या झाल्या आणि मग एकेक अडचण पुढे आली. यजमान विमानतळावरच एका कंत्राटदाराकडे सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहेत. त्यांच्या सुपरवायझरनं ‘घरी काय चाललंय?’ असं विचारलं. सोसायटीचे चेअरमन म्हणतात की पुनर्विकासाची बोलणी सुरू असताना आवाजाचा बोभाटा झाला तर भाव पडेल. दीर म्हणतात, ‘विमानतळ आधी होता, आपण नंतर आलो.’ मनापासून साथ आहे ती फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांची. पहाटे साडेतीनच्या विमानानं त्यांची झोप मोडते ती मोडतेच. ताई विचारतात : मोहीम पुढे नेऊ की सोडून देऊ? ज्यावर घर चालतं त्याच्याविरुद्ध बोलणं हा कृतघ्नपणा तर नाही ना? आणि मुलाची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर थांबू का?

---

ताई, आधी कृतघ्नपणाचं बोलते, कारण तो शब्द तुम्हाला आतून पोखरतो आहे. तुमच्या यजमानांना पगार मिळतो तो त्यांच्या पाठीच्या आणि गुडघ्यांच्या कष्टाचा. त्या पगारात तुमच्या घराची झोप विकलेली नाही. गिरणीत काम करणाऱ्यानं गिरणीच्या धुराबद्दल बोलू नये, असं गिरणगावात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी ऐकून घेतलं नसतं. तुम्हीही ऐकून घेऊ नका.

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात मी मुद्दाम घाटकोपरला एका मैत्रिणीच्या गच्चीवर संध्याकाळी दीड तास बसले. विमानाची चाकं, पोटावरची अक्षरं, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. पाण्याच्या टाकीला टेकून शेजारची एक मुलगी मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. विमान आलं की ती ओळीवर बोट ठेवून थांबायची. ते गेलं की बोट उचलून पुन्हा तिथूनच वाचायला लागायची. तिला कुणी हे शिकवलेलं नव्हतं. दीड तासात किती वेळा थांबली ते मी मोजायला घेतलं होतं आणि पुढे मोजणंच विसरले, कारण मीही तिच्यासोबत थांबायला लागले होते.

विमान इतकं खाली का असतं, त्याचा हिशेब सोपा आहे. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे धावपट्टीपासून दर किलोमीटरमागे त्याची उंची सुमारे ५२ मीटरनं वाढते. तुमचं घर धावपट्टीच्या टोकापासून अडीच किलोमीटरवर असेल तर विमान तिथं जमिनीपासून जेमतेम दीडशे मीटरवर असतं. धावपट्टीच्या आणखी जवळच्या जरीमरी, काजूपाड्याला तर त्याहून किती तरी खाली. तुम्ही मनाचे कच्चे आहात, म्हणून त्रास होतो असं कुणी म्हणालं तर त्यांना हा हिशेब सांगा.

आता दिरांचं म्हणणं. आधी कोण आलं? सहार, मरोळ, चकाला ही गावठाणं विमानतळापेक्षा कितीतरी जुनी. सहारच्या विमानतळाला नाव मिळालं तेच मुळी गावावरून. मुंबईची नागरी विमानं आधी जुहूच्या धावपट्टीवर उतरायची. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन आले तेही जुहूलाच. सांताक्रूझचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढला आणि प्रवासी विमानं तिकडे सरकली ती त्यानंतर. पण मला हा वादच चुकीच्या जागी उभा वाटतो. तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी आलात तेव्हा जो विमानतळ होता तोच आज आहे का? आज एका मुख्य धावपट्टीवर दिवसाकाठी नऊशेच्या आसपास विमानं चढतात आणि उतरतात. इतक्यांसाठी तुमच्याकडून संमती कुणी कधी घेतली? घर घेताना माणूस समोर दिसतं ते पाहतो. पुढच्या वीस वर्षांत त्यात काय वाढेल याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

पण ताई, आता तुमच्याच मागणीकडे वळते, आणि इथं मला तुम्हाला थोडं थांबवावंसं वाटतं.

‘नवी मुंबईला हलवा’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तिथं २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. पण त्या धावपट्टीच्या टोकांनाही माणसं राहतात. त्या विमानतळासाठी गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. उलवे-पनवेलच्या बाजूला आज कुणा घरात दहावीचा मुलगा असेल, आणि रात्री अडीचला त्याच्या खिडकीवरून विमान जाईल. १९९२ साली जर्मनीतल्या म्युनिकचा जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी आणि नंतर पाहणी केली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारत गेलं आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं ढासळलं. त्यात तुमच्यासाठी आशाही आहे, मुलं सावरतात. पण आवाज नुसता हलवला तर तो दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला जातो, हेही त्यात आहे. मी तुमच्या जागी असते तर ते वाक्य अर्जातून आजच काढलं असतं. आणि उलव्याच्या बायकांचा पत्ता शोधला असता, त्यांना सोबत घेण्यासाठी.

दुसरं, ‘सगळी विमानं बंद’. आपल्याकडून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, कारण ती तिकडे सकाळी पोहोचायची असतात. हे वेळापत्रक एका अर्जानं हलणार नाही. जिथं लोकांना काही मिळालं तिथं त्यांनी तास मागितले. फ्रँकफर्टला नव्या धावपट्टीविरुद्ध लोक दर सोमवारी टर्मिनलमध्ये जाऊन उभे राहिले. कोर्टकज्जेही चालले. शेवटी एप्रिल २०१२ मध्ये वरच्या न्यायालयानं रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतली नियोजित उड्डाणबंदी कायम केली. विमानतळ चालूच राहिला, झोपेचे सहा तास लोकांना मिळाले. लंडनच्या हिथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, तिथं पश्चिमेकडून वारा असताना दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणजे एका वस्तीला सकाळ शांत आणि दुसरीला संध्याकाळ. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि कुठून उतरायचं ते वारा ठरवतो, त्यामुळे तिकडची नक्कल इथं बसणार नाही. पण वारा पडलेल्या रात्री काही विमानं समुद्राकडून उतरवता येतील का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मात्र त्या बाजूला विलेपार्ले आणि सांताक्रूझ आहे. तिथल्या लोकांसोबत बसून वाटून घेतलं तर तो न्याय होईल. त्यांच्या नकळत मागितलं तर तेच होईल जे मी नवी मुंबईबद्दल म्हणाले.

आता कायद्यातली एक मेख सांगते, कारण सह्या गोळा करणाऱ्यांची इथं हमखास फसगत होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बहुतेक अर्जांत हाच आकडा असतो. पण २०१८ साली केंद्रानं विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळे निकष काढले. वर्षाला विमानांचे ५० हजारांहून जास्त चढ-उतार असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५, इतरांसाठी ६५ आणि ६०. तेव्हा पहिला प्रश्न हा की तुमची इमारत त्या ध्वनिक्षेत्राच्या नकाशात येते की नाही. हे माहीत नसताना ४५ चा आकडा लिहिलात तर समोरचा अधिकारी एका ओळीत अर्ज निकाली काढेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी विमानांच्या आवाजाची जी शिफारस केली ती रात्री ४० डेसिबलची आहे. आपल्याकडची मर्यादा आणि ती यांत किती अंतर आहे, हे अर्जात जरूर लिहा, पण आरोग्याचा मुद्दा म्हणून, कायदा मोडल्याचा पुरावा म्हणून नाही.

आणि हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. विमान जातं ते वीस-पंचवीस सेकंद, मग शांत. रात्रभराची सरासरी काढली की तो मधला कल्लोळ पातळ होऊन जातो. विमानांची संख्या निम्मी केली तरी सरासरी फक्त ३ डेसिबलनं खाली येते. तुमचा मुलगा सरासरीनं जागा होत नाही, अडीचच्या एका विमानानं होतो. म्हणून मागणी करताना ‘आवाज कमी करा’ एवढंच म्हणू नका. रात्री ठरावीक डेसिबलच्या वर गेलेल्या विमानांची दर महिन्याची संख्या जाहीर करा, असं म्हणा.

त्यासाठी तुमच्याकडे एक वही हवी. सह्यांच्या कागदापेक्षा मी या वहीला जास्त वजन देईन. पाच घरं निवडा, वेगवेगळ्या मजल्यांवरची. चौदा रात्री, १० ते ६. झोप मोडली की घड्याळ पाहून वेळ लिहायची, कोण उठलं ते लिहायचं, पुन्हा झोप कधी लागली ते लिहायचं. सकाळी ती वेळ फ्लाइटरडारवर (विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) पडताळून पाहिली की विमानाचा प्रकार आणि उंची मिळते. मोबाइलमधलं आवाज मोजणारं ॲप सरकारी कामात पुरावा धरत नाहीत, पण तोच फोन त्याच खिडकीत रोज ठेवला तर कालच्यापेक्षा आज किती, एवढं तरी कळतं. चांगला मीटर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजकडून मिळू शकतो. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली यांनी सणासुदीचा गोंगाट वर्षानुवर्षं अशाच चिकाटीनं मोजला. नुसती तक्रार करत राहिल्या असत्या तर इतक्या लोकांनी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

यात एक खास दिवस येतो, तो चुकवू नका. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डागडुजीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास पूर्ण बंद ठेवतात. तारीख पेपरात आधीच येते. त्या तासांत तुमच्या खिडकीतला आवाज मोजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. एलबीएस रोडची वाहनं, बांधकामं, भोंगे, सगळं दोन्ही दिवशी तेच असतं. फरक पडतो तो विमानांचा. ‘हा आवाज रस्त्याचाच आहे हो’ असं म्हणणाऱ्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. पुण्यात लोहगाव-विमाननगरच्या वाचकांनाही ही युक्ती उपयोगी पडेल. मात्र तिथला तळ हवाई दलाचा आहे, म्हणून लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यात करा. दोन्ही एकत्र केलीत तर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

हवेबद्दल मी थोडी सावध आहे. खिडकीतला काळा थर विमानांचाच आहे असं खात्रीनं म्हणता येत नाही. घाटकोपरला डिझेलची वाहनं, इमारतींची पाडापाडी आणि धूळ काही कमी नाही. पण रॉकेलच्या वासाचं कारण मात्र पटण्यासारखं आहे. समुद्राकडे तोंड करून उडणारं विमान धाव सुरू करतं ते धावपट्टीच्या पूर्व टोकाला, म्हणजे कुर्ल्याच्या बाजूला. इंजिनचा सगळा जोर तिथं लागतो आणि दुपारचा समुद्रवारा तो धूर पूर्वेकडे, तुमच्याकडे घेऊन येतो. वास आला की वाऱ्याची दिशा आणि वेळ त्याच वहीत लिहा. विमानाच्या धुरात अतिसूक्ष्म कण फार असतात आणि त्यांना वजन जवळजवळ नसतं, म्हणून पीएम २.५, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचं वजन, मोजणाऱ्या यंत्रात ते नीट दिसत नाहीत. लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळच्या मोजणीचे निष्कर्ष २०१४ साली आले, त्यात वाऱ्याच्या दिशेला १० किलोमीटरपर्यंत या कणांची संख्या नेहमीच्या चौपट आढळली होती. आपल्याकडे या कणांना कायद्यात मर्यादाच नाही. म्हणून ‘हवेचा आकडा समाधानकारक आहे’ असं उत्तर आलं तर त्यावर थांबू नका, अतिसूक्ष्म कण मोजले का, एवढंच लेखी विचारा.

इथंच मला तुमच्या यजमानांची आठवण येते. तुम्ही त्यांना या भांडणात पलीकडच्या बाजूला उभं केलं आहे. ते तर सगळ्यांत जवळ उभे आहेत! तुमच्या घरावरून विमान दीडशे मीटरवरून जातं. ते त्या विमानाच्या पोटाखाली बॅगा उचलतात. कोपनहेगनच्या विमानतळावर अतिसूक्ष्म कणांचा प्रश्न कामगार संघटनेनंच उचलून धरला. पुढे व्यवस्थापनासोबत बसून मोजणी झाली, उभ्या विमानांची इंजिनं विनाकारण चालू ठेवण्यावर आवर आला. तुमच्या अर्जात एक कलम टाका : जमिनीवर काम करणाऱ्यांना कानांचं संरक्षण मिळावं, वर्षाला एकदा कानांची तपासणी व्हावी, उभ्या विमानाला शेपटीतल्या छोट्या इंजिनाऐवजी जमिनीवरची वीज द्यावी. त्यामुळे यजमानांची नोकरी धोक्यात येणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. कंत्राटी माणसाची नोकरी किती हलकी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून दोन पथ्यं पाळा. अर्जावर पहिली सही तुमची नको, पाच सोसायट्यांच्या समितीची असू दे. आणि यजमानांनी कामावर पाहिलेलं, ऐकलेलं काहीही या वहीत येऊ देऊ नका. वही फक्त खिडकीतून दिसतं त्याची. एकदा त्यांच्यासोबत बसून हे बोलून घ्या, सुपरवायझरनं पुन्हा विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवा. ‘घरात आई आजारी आहे, झोप होत नाही, म्हणून बायको बोलते’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

चेअरमनसाहेबांशी फार वाद घालू नका. तुमचा भाग फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या पट्ट्यात, आहे हे प्रत्येक बिल्डरला आणि दलालाला माहीत आहे, विमान काही कुणापासून लपलेलं नाही. उलट त्यांना सांगा की पुनर्विकासाच्या करारात दुहेरी काचेच्या, फटी बंद असलेल्या खिडक्या आत्ताच लिहून घ्या. नंतर त्या कुणी देत नाही.

अर्ज कुठं करायचा हे बऱ्याच जणांना कळत नाही. पोलिसांकडे जाऊन विमानांचं काही होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, या तिघांना एकाच वेळी द्या आणि पोच घ्या. त्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज करा : आमचा भाग ध्वनिक्षेत्रात येतो का, आवाज मोजणारी यंत्रं कुठं आहेत, गेल्या वर्षाची नोंद काय आहे, रात्री उतरल्यावर इंजिनचा जोर उलट दिशेला वळवून वेग कमी करण्यावर काही बंधन आहे का. दहा रुपये आणि तीस दिवस. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी पालन अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद असतो. तोही मागा. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, पण तिथं रिकाम्या हातानं जाऊ नका. वही, माहिती अधिकाराची उत्तरं आणि सहा महिन्यांचा पत्रव्यवहार हातात असेल तेव्हाच वकिलाला भेटा.

सासूबाईंचा रक्तदाब महिन्यातून एकदा नाही, आठवडाभर रोज सकाळी मोजा आणि डॉक्टरांना रात्रीच्या झोपेबद्दल सांगा. युरोपातल्या सहा विमानतळांजवळ जवळपास पाच हजार लोकांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. रात्रीच्या विमानांचा आवाज जितका जास्त तितकं उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. याचा अर्थ त्यांचा रक्तदाब विमानांमुळेच आहे असा नाही, पण डॉक्टरांना हे माहीत असायला हवं.

मुलाला झोपायला घरातली आतली, विमानांच्या वाटेपासून लांबची खोली द्या, तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपा. खिडकी बंद करून मुंबईच्या उकाड्यात झोपणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून नुसती काच लावा म्हणत नाही, पण दाराखिडक्यांच्या फटी रबरी पट्टीनं बुजवल्या तर पंख्यावर भागतं आणि थोडा फरक पडतो. त्याच्या शाळेतही एकदा जा. हिथ्रो, माद्रिद आणि ॲमस्टरडॅमच्या विमानतळांजवळच्या शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. आवाज जास्त तिथं वाचलेलं समजण्यात मुलं मागे पडलेली आढळली. मुख्याध्यापकांनी एक पत्र दिलं तर तुमच्या समितीच्या दहा पत्रांच्या बरोबरीचं होईल.

मोहीम सोडू नका. पण मार्चपर्यंत तुम्ही स्वतः रात्री जागून काही लिहू नका, समितीच्या सभाही रविवारी सकाळीच ठेवा. वही दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे द्या. साडेतीनला ते जागे असतातच, निदान त्या जागरणाची कुठेतरी नोंद होईल. तुम्ही झोपा.